माल परत पाठवायचं काम

आज अमरावतीच्या एका कॉलेजात नोकऱ्यांबद्दल बोलायला गेले होते. परतीच्या बसमध्ये बसून हे तुम्हाला लिहितेय.

मी एका मोठ्या दुकानसाखळीत आहे. दुकानाच्या स्वतःच्या नावानं विकायची तूरडाळ मी तपासते. डाळ पारखायला अब्बांनी बार्शीटाकळीला घरीच शिकवलं.

दुकानाचं नाव छापलेलं डाळीचं पाकीट दाखवलं तर मागून एकजण ओरडला, "वा! डाळ आमची अन् नाव दुकानाचं!" सगळे हसले. मीही हसले.

मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "ताई, दाणा बारीक निघाला तर तुमी माल परत पाठवता ना?"

"हो."

"दुष्काळात दाणा बारीकच येते. मागच्या दुष्काळात असाच माल परत आला अन् आमच्या बाबाची अकोल्याची डाळमिल बंद पडली."

माल कोणी परत पाठवला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्या दुष्काळात अकोल्याचा माल मीही परत पाठवला होता.

तिनंच पुढे विचारलं, "हे काम मले भेटन का? घरी आता कमावणारं कोणी नाही."

जागा आहे, ये, असं मी म्हणाले. पहिल्या दिवशी मलाच तिला शिकवावं लागेल की दाणा बारीक दिसला तर माल परत पाठवायचा.

हे तिच्या तोंडावर कसं बोलू? कोणी सांगाल?