दातांच्या डॉक्टरांचं जादा चाक

आमचा धाकटा ज्या दवाखान्यात कवळ्या बनवतो, तिथले दातांचे डॉक्टर चाळिशीनंतर सायकलवर बसले ते उतरायलाच तयार होईनात. आधी पोट कमी करायला चालवत होते; पोट तसंच राहिलं आणि टीम झाली. टीममध्ये चौघं: कॅप्टन डॉक्टर, शेजारचा औषधवाला, समोरचा चष्मेवाला आणि धाकटा. पहिल्या तिघांकडे हौस होती, पाय एकट्या धाकट्याकडे होते. गणवेशाच्या पाठीवर हसणारी दाढ छापलेली.

डॉक्टर माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. दात काढताना हात हलका आहे. मला काकू म्हणतात. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहेत, पण ते असो. फक्त त्यांना एकट्याने पुढे जाता येत नाही. दवाखान्यात हातात चिमटा द्यायला कुणीतरी लागतं, तसं सायकलवर वारा अडवायला लागतं. ते काम धाकट्याचं. पुढचा वारा खातो आणि दमतो, मागचा ताजातवाना राहतो आणि शेवटच्या रेषेआधी पुढे निघतो. याला टीमवर्क म्हणतात. मागे असणाऱ्याला ते चटकन पटतं.

यंदा गावच्या शर्यतीतल्या पहिल्या वीस जणांना पुढच्या मोठ्या शर्यतीत प्रवेश मिळणार होता. धाकट्याला एकदा तरी ती शर्यत करायची होती. वर्षभर तो उजाडायच्या आत टेकडी चढायला जायचा आणि तो परत येईपर्यंत मी खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक बघत बसायचे. त्याने डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं: निम्म्या वाटेपर्यंत तुमचा वारा अडवतो, पुढे मला सोडा. डॉक्टरांनी मोठ्या मनाने हो म्हटलं.

शर्यतीच्या दिवशी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन मागून येणार होत्या, शेजारी मी. मागच्या सीटवर पंप, केळी आणि मलमपट्टी, मलमपट्टी माझी. जादा चाक दिसेना म्हणून मी विचारलं.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "माझी टीम हेच माझं जादा चाक."

औषधवाल्याने मान डोलावली. तो कशालाही डोलावतो.

निम्मी वाट सरेपर्यंत औषधवाला आणि चष्मेवाला दिसेनासे झाले होते. धाकटा पुढच्या घोळक्यात होता आणि डॉक्टर त्याच्या चाकाला चिकटून. ठरल्याप्रमाणे त्याला सुटायची वेळ आली, तेवढ्यात डॉक्टरांचं मागचं चाक पंक्चर झालं. त्यांनी हाक मारली. तो थांबला. ज्याचा पगार त्या हाकेवर चालतो, तो थांबतोच.

आमची गाडी पोचली तेव्हा धाकट्याने टीमच्या नियमाप्रमाणे आपलं चाक काढून दिलेलं होतं आणि डॉक्टर गुडघ्यांवर बसून ते आपल्या सायकलला लावत होते. ते लागत नव्हतं. डॉक्टरांची सायकल महिन्याभरापूर्वी घेतलेली, नव्या पद्धतीची; तिला जाड आस लागतो. धाकट्याची जुनी, तिचा आस बारीक. सगळ्यांनी सगळ्यांना चाक द्यायचं हे ठरलं होतं, ते बसतं का हे कुणी पाहिलंच नव्हतं. शेजारून एकेक सायकल सूं करत जात होती.

"जरा जोर लाव, बसेल. कवळीसुद्धा सुरुवातीला अशीच घट्ट असते," डॉक्टर म्हणाले.

"कवळीसुद्धा अशी बसत नाही डॉक्टर. म्हणून तर माणसं परत येतात."

डॉक्टर उठले. घाम पुसला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बरं, मग तुझी सायकल दे."

डॉक्टर धाकट्यापेक्षा वीतभर उंच. ती सायकल त्यांनी चालवली असती तर गुडघे कानाला लागले असते. पण हे बोलणार कोण? धाकट्याने माझ्याकडे बघितलं. आणि मी, दोन विषय घेऊन पदवी मिळवलेली बाई, हाताने खूण केली: देऊन टाक. नोकरी आहे, बाबा.

त्याने चाक उचललं, आपल्या सायकलला बसवलं, साखळी चढवली आणि तो निघून गेला.

डॉक्टर गाडीत पुढे बसले. मी मागे, त्यांचं फुसकं चाक मांडीवर घेऊन. वाटेत त्यांनी दोन केळी खाल्ली.

धाकटा सव्विसावा आला. एकविसाव्याने त्याला खांद्यावर थोपटलं, तेव्हा मी मान फिरवली. फोटोत मात्र चौघंही आहेत; मध्ये डॉक्टर.

आता दवाखान्यात रोज तीच कथा चालते. साथीदारासाठी कॅप्टनने स्वतःची शर्यत कशी सोडली आणि पोराला "जा पुढे" कसं म्हटलं. पेशंटचं तोंड उघडं आणि त्यात कापूस, त्यामुळे शंका कुणी काढत नाही. मधल्या पडद्यापलीकडे धाकटा कवळीचे दात घासून गुळगुळीत करत असतो.

परवा त्याने पुढच्या वर्षीचा अर्ज भरून मला दाखवला. टीमच्या रकान्यात त्याने रेघ मारली होती. डॉक्टरांना सांगितलंस का, मी विचारलं. सांगितलं म्हणाला. ते काय म्हणाले? विचार कर म्हणाले.

"मग नोकरी?"

"आई, कवळी त्यांना करता येत नाही."

मी अर्ज परत दिला आणि उतारावर तरी हळू जा, एवढंच म्हटलं.