दहाच्या पाच

माझा मोठा भाऊ मुलचेऱ्याजवळच्या एका शाळेत हेडमास्तर होता. तंबाखूमुक्तीची शपथ दरवर्षी तोच द्यायचा. पुढे केलेल्या उजव्या हाताची दोन बोटं सिगारेटीनं पिवळी पडलेली असत. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, म्हणून त्यांनी शपथ नुसती मान हलवून घेतली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतर त्याला दम लागू लागला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, कागद पाहिला आणि म्हणाले, "गेलं ते परत येणार नाही, सर. उरलंय ते राखायचं असेल तर सिगारेट आजच बंद करा."

ती बंद होईना. मग परदेशात नोकरी करणारी त्याची मुलगी सुट्टीत आली, ती चॉकलेटांखाली ई-सिगारेट लपवून घेऊनच. आपल्याकडे ई-सिगारेटीवर बंदी आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घरात वाचणारा मी, म्हणून भावानं मलाच विचारलं, "खरं सांग मले, हे बरं का ते?"

मी वाचून सांगितलं. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे धुरातलं पुष्कळ विष टळतं. पण निकोटिन असतंच, आणि वर्षानुवर्षं ओढल्यावर काय होतं ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. सिगारेट पूर्ण सोडलीस तरच उपयोग. सांगताना मला माझ्या समतोलपणाचं थोडं कौतुकही वाटलं.

त्यानं विष टळण्याचं तेवढं लक्षात ठेवलं.

पूर्वी वहिनीच्या धाकानं त्याला घरात ओढता येत नसे. आता घरात वाफ आणि बाहेर सिगारेट अशी सोय झाली. पानठेल्यावर त्यानं ते यंत्र एकदाच काढलं. जुने सहकारी म्हणाले, "मास्तर, पेन ड्राइव्ह चोखून राह्यले का?" त्यानं ते खिशात घातलं आणि शेजाऱ्याच्या पेटत्या सिगारेटीवर आपली पेटवली.

"दहाच्या पाचवर आलो," तो मला म्हणाला. "तू काऊन खुश होत नाई?"

डॉक्टरही खुश झाले नाहीत. नवा कागद जुन्यापेक्षा वाईट होता.

मग त्या यंत्रातला द्रव संपला. मुलगी पुन्हा आणायला घाबरत होती. मी ठेल्यावर हळूच विचारून पाहिलं. ठेलेवाला खर्रा घोटत होता. त्यात पडणाऱ्या सुगंधित तंबाखूवरही बंदीच आहे. "गैरकानूनी माल आपण ठेवत नाई, भाऊ," तो म्हणाला. "सिगारेट देऊ?"

पाचाच्या परत दहा झाल्या. पुढे त्याला ठेल्यापर्यंत चालवेना. त्यानं मला पाकीट आणायला सांगितलं. मी दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी तो एकटाच निघाला आणि वाटेतल्या नाल्यावरच्या रपट्यावर बसून राहिला. ओठ निळे पडले होते. ओळखीच्या एकानं त्याला मोटरसायकलवर घरी आणलं.

तेव्हापासून मीच आणून देतो.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "यांना सिगारेट कोण आणून देतं?"

"मी," म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.