स्वच्छ थुंकी

कुसगावात आम्ही घराच्या तीन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. स्वयंपाक माझ्याकडे. पाहुणे जेवत असताना खोकला आला की मी मागच्या मोरीत पळते, नळ मोठा सोडते आणि त्या आवाजात खोकून घेते. आलेला कफ बहुतेक वेळा गिळूनच टाकते. बाईमाणसानं खाकरून थुंकायचं म्हणजे आमच्याकडे चारचौघांत नाक कापल्यासारखं.

गेल्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि लोणावळ्याच्या दवाखान्यात पडले. औषध सुरू होतं, तरी ताप हटेना, श्वास घेतला की उजव्या बरगडीत सुरी फिरायची. नेमका कुठला जंतू आहे ते कळलं तर त्यावरचं औषध देता येईल, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी झाकणाची एक डबी दिली. "सकाळी खोल खोकून आतला कफ यात द्या."

सकाळी मी दात घासले, जीभ खरवडली, खळखळून चुळा भरल्या आणि डबीत पाण्यासारखी स्वच्छ थुंकी दिली. शेजारणीचं भांडं परत करताना आपण घासूनपुसून देतो, तसंच. लॅबमधल्या परक्या माणसापुढे आपली घाण कशी ठेवायची!

दुपारी डॉक्टरीणबाई डबी घेऊनच आल्या. "ताई, ही नुसती लाळ आहे. हिचा काय उपयोग?" शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला आलेले पाहुणे माना वळवून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंना माझी दया आली असावी. खाटेच्या कडेला टेकून त्यांनी समजावलं. फुफ्फुसाच्या बारीक फुग्यांत राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी कायम असतात. जंतू त्यांना आवरेनासे झाले की त्या रक्तातल्या आणखी पेशींना बोलावतात. मग या नव्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात आणि बहुतेक तिथेच मरतात. "कफाला तो पिवळा-हिरवा रंग येतो ना, तो त्यांचाच. त्यात जंतूही सापडतात. तुम्ही नेमकं तेच लपवताय."

म्हणजे माझ्यासाठी आत मरून पडलेल्यांची मला किळस येत होती. हे कळलं, पण लाज काही कमी झाली नाही. उलट दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई सोबतीला होत्या. घरी पाहुणे गेले की खोलीतला नळसुद्धा चिंचेनं घासून घेणारी ही बाई. मी डबी घेऊन भिंतीकडे वळले. जोर लागेना.

"लाजतीस कुणाला? मी काय पावनी हाय व्हय?" त्यांनी मला पाठीशी उशी देऊन बसवलं, पाठीवर थापट्या मारल्या आणि डबी स्वतःच्या हातानं माझ्या हनुवटीला लावली.

एकाएकी उबळ आली. बरगडी फुटते की काय असं वाटलं. गंजासारखा तांबूस, चिकट गोळा आला. थोडा डबीत पडला आणि थोडा त्यांच्या बोटांवर ओघळला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्यासमोर मी कधी मोठ्यानं शिंकले नव्हते. शरमेनं मला रडू फुटलं.

"आत्या, हात धुवा आधी."

त्यांनी हात मागे घेतला नाही. "धुते की. तू आदी समदं काढ," म्हणाल्या आणि डबी पुन्हा हनुवटीला लावली.