एका वेळी एकच बदल

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. 'आहे' म्हणायचं की 'होती', हे आमचं अजून ठरलेलं नाही, म्हणून मी 'आहे' म्हणतो. नागपुरात तिचा स्वतःचा दवाखाना होता. माझ्या नोकरीपायी ती लंडनमध्ये क्रॉयडनला आली आणि एका प्रॅक्टिसमध्ये डेंटल नर्स झाली, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या हातात हत्यारं द्यायला उभी राहिली. इथे डॉक्टर म्हणून काम करायचं तर परदेशी पदवीवाल्यांची परीक्षा द्यावी लागते. लेखी भाग तिने पहिल्या फटक्यात काढला. उरलं प्रॅक्टिकल. रबरी तोंडात प्लास्टिकचे दात असतात, ते ठरलेल्या वेळेत कोरून भरायचे. सरावासाठी तिने तसलं एक डोकं विकत घेऊन जेवणाच्या टेबलाला स्क्रूने आवळून टाकलं होतं. आम्ही त्याच्या शेजारी बसून जेवायचो.

परीक्षेची जागा मिळायची वाट बघत असतानाच एका सकाळी तिला दुधाच्या बाटलीचं झाकण उघडेना.

आधी एक बोट सुजलं, मग दोन्ही हातांची. आधी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, मग रक्ततपासण्या आणि बऱ्याच आठवड्यांनी हॉस्पिटलचा सांध्यांचा विभाग. तिथे कळलं की हा म्हातारपणी येणारा संधिवात नव्हे. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं आणि आत दाह चालूच राहतो. कन्सल्टंट बाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, लगेच सुरू करा म्हणाल्या. सोबत वजन, झोप, चालणं, खाणं यांकडेही लक्ष द्या म्हणाल्या. त्यातला 'सोबत' हा शब्द मी सोडून दिला.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे स्वतःची चूक असू शकते हे माझ्या डोक्यात सहसा येत नाही. आमच्या कामात एक नियम असतो: एका वेळी एकच बदल करायचा. दोन एकदम केले की कशाने काय सुधारलं ते कळत नाही. त्या आठवड्यात मी दाह आणि आहार यावर सापडेल ते वाचलं, ऑफिसला जाता-येता पॉडकास्ट ऐकले आणि शनिवारी तिच्यासमोर प्लॅन मांडला.

"आधी फक्त डाएट. तीन महिने. गोळ्या आणि डाएट एकदम सुरू केलं तर रूट कॉज कधीच सापडणार नाही."

"आणि तेवढ्यात जॉइंट डॅमेज झाले तर?"

"तीन महिन्यांत काय होतंय! आयुष्यभर गोळ्या खायच्यात का तुला?"

तिला गोळ्यांच्या दुष्परिणामांची भीती होतीच. मी तिच्यावर बळजबरी केली नाही. फक्त तिच्या भीतीला हवा देत राहिलो. आज वाटतं, बळजबरी केली असती तर ती निदान भांडली तरी असती.

साखर पहिल्या दिवशी गेली. मग गहू गेला, म्हणजे पोळी गेली. मग दूध, दही, तूप. मग टोमॅटो, वांगी आणि बटाटे, कारण ते सगळे एकाच कुळातले. त्याच कुळातली म्हणून मिरचीही गेली. नागपूरच्या मुलीची मिरची बंद केली मी. सासूबाई फोनवरून त्यात भर घालायच्या: आंबट देऊ नका हो तिला, सांधे धरतात. मग चिंच, लिंबू आणि आमसूलही गेलं. मंडळाच्या गणपतीला सगळे पंगतीत जेवत होते आणि ही डब्यातला उकडलेला भोपळा खात होती. कुणीतरी कौतुक केलं, "काय विल पॉवर आहे हो!" मी छाती फुगवली.

रोज सकाळी मी एक्सेल शीट उघडायचो आणि विचारायचो, "आज किती?" एक ते दहा, दहा म्हणजे असह्य. ती आकडा सांगायची, मी लिहायचो. सुरुवातीला सात. मग सहा, पाच. मी तिला ग्राफ काढून दाखवला. रेघ खाली चालली होती. तीन महिने झाले तेव्हा रेघ चारावर होती, मग आत्ताच कशाला गोळ्या? हॉस्पिटलची अपॉइंटमेंट पुढे ढकलली. पुन्हा एकदा ढकलली. तीन महिन्यांचे अकरा झाले. गोळ्यांचं पाकीट सीलबंद तसंच ड्रॉवरमध्ये राहिलं.

मग एकदाची परीक्षेची जागा मिळाली. त्या शनिवारी दुपारी ती टेबलापाशी सरावाला बसली. आरसा डाव्या हातात, ड्रिल उजव्या. पाच मिनिटांत ड्रिल हातातून निसटून जमिनीवर पडलं. तिने उचललं. पुन्हा पडलं. मी सोफ्यावरून म्हणालो, "अगं, आज तीन आहे ना?"

तिने हत्यारं पुसून ठेवली आणि प्लास्टिकच्या दातांच्या बरणीचं झाकण लावून दे म्हणाली.

एक्स-रे झाला. कन्सल्टंट बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून बोटांच्या सांध्यांजवळची झिजलेली हाडं दाखवली. गोळ्या किती दिवस चालू आहेत, असं त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "मी घेतल्याच नाहीत." 'मी' म्हणाली. मी शेजारच्या खुर्चीवर तिचा कोट मांडीवर घेऊन बसलो होतो. मला बोलायला हवं होतं. मी गप्प राहिलो आणि त्याची मला लाज वाटते.

"आजार आता आटोक्यात येईल," बाई म्हणाल्या. "गेलेलं हाड येणार नाही."

तसंच झालं. गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत सूज उतरली. बोटं वाकडी झाली ती झालीच. परीक्षेची जागा तिने स्वतः ईमेल करून सोडली. ते डोकं हीच परीक्षा देणाऱ्या, लंडनच्या पिनर भागातल्या एका मुलीने नेलं, स्क्रू मी काढून दिले. आता बायको त्याच प्रॅक्टिसमध्ये रिसेप्शनवर बसते आणि लोकांना दुसऱ्या डॉक्टरांच्या वेळा देते.

गेल्या रविवारी नाश्त्याच्या वेळी मी ती शीट पुन्हा उघडली. मला एवढंच कळेना की रेघ खाली येत होती तर हाडं झिजत कशी होती. टेस्टरची खाज, जात नाही. शेवटी तिलाच विचारलं.

ती टोस्टला लोणी लावत होती. सुरी मुठीत धरून लावते आता.

"मी खोटं सांगायचे," ती म्हणाली. "सात म्हटलं की तू आणखी काहीतरी बंद करायचास. माझं खायचं संपत आलं होतं रे."

"मग खरा आकडा किती होता?"

"आकडा कशाला हवा होता तुला? हात तर समोरच होते माझे."