गुप्तेबाईंचा नाक्यावरचा फळा

मानपाड्याच्या रिक्षा स्टँडमागे एक जुनं वाचनालय आहे आणि त्याच्या भिंतीवर एक काळा फळा. वार्ताफलक वगैरे कोणी म्हणत नाही त्याला. गुप्तेबाईंचा फळा म्हणतात. वाचनालयात पुस्तकं वाचायला हल्ली जेमतेम चार माणसं येतात, पण फळा वाचायला शंभर. रिक्षावाले, दूधवाले, एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेले, सगळे तिथे मान वर करून अर्धं मिनिट थांबतात. मोबाईलवर काय वाट्टेल ते येतं हो! पण ‘फळ्यावर आलंय’ म्हटलं की नाक्यावरचा वाद मिटतो.

बाईंचं नाव हेमा गुप्ते, वय एकाहत्तर. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे अर्ध्या डोंबिवली पूर्वेचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले. फळा मात्र त्यांचे यजमान मधुकाका यांचा. शाळेने भंगारात काढलेला हा फळा त्यांनी हातगाडीवरून आणला, इथे ठोकला आणि बारा वर्षं रोज सकाळी त्यावर गावाच्या बातम्या लिहिल्या. काका गेले. लोकांना वाटलं, आता बाई घरी बसतील. बसतात कसल्या! तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी सातला बाई स्टुलावर उभ्या, एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात खडू.

त्यांचा नियम काकांचाच. पाहिलं ते लिहायचं. ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहायचं. भव्य, विराट, भ्याड असल्या शब्दांवर खडू वाया घालवायचा नाही.

आता झालं असं, की आमराई मैदानावर बाजार संकुल बांधायचं घाटत होतं. संकुल हवंच म्हणणाऱ्यांची सभा रविवारी संध्याकाळी त्याच मैदानावर ठरली, आणि ती भरवणारा होता नयनशेठ, बाईंचा जुना विद्यार्थी. संकुल नको म्हणणाऱ्यांची मैदान बचाव समिती. त्यांनी गेटबाहेर काळ्या फिती लावून उभं राहायचं ठरवलं. समितीच्या निवेदनावर पहिली सही बाईंची होती आणि समितीत सगळ्यात पुढे होता साकेत, त्यांचा पुतण्या. त्याचे आईवडील आंबिवलीला, पण अकरावीपासून तो काकूकडेच राहिलेला. बाईंना मूलबाळ नाही, त्यामुळे जे काही होतं ते साकेतच. आता वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होता, सत्तावीस वर्षांचा घोडा, तरी डबा काकूच भरायची.

रविवारी बाई सभेलाही गेल्या नाहीत आणि निदर्शनालाही नाहीत. मैदानाच्या कडेला पाण्याची टाकी आहे, तिच्या पायरीवर उभ्या राहिल्या, वही-पेन घेऊन. तिथून मंडपही दिसतो आणि गेटही. सोमवारी फळ्यावर आलं:

‘आमराई मैदानावर काल सायं. ५ वा. संकुलाच्या बाजूने सभा झाली. खुर्च्या १८०० (मंडपवाले प्रशांत यांची माहिती). बसलेली माणसे सुमारे ७०० (लिहिणारीने रांगा मोजल्या). विरोधक गेटबाहेर सुमारे २५०. घोषणा दोन्हीकडून. ६.२० वा. बाटली फेकली गेली. महिला पोलीस जखमी, भुवईला चार टाके (पोलीस चौकीची माहिती). पोलिसांनी लाठ्या चालवल्या. तीन जखमी.’

झालं! दोन्ही बाजूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिकडे चौकाचौकात बॅनर लागलेले, ‘दहा हजारांची विराट सभा’. आणि इकडे समितीच्या ग्रुपवर, ‘दोन हजार नागरिकांनी सभा उधळली’.

नयनशेठ गाडीतून उतरून फळ्यापाशी आला. गॉगलसुद्धा काढला नाही.

‘‘बाई, सातशे काय लिहिता? विराट लिहा ना.’’

‘‘विराट म्हणजे किती रे? मोजून सांग, लिहिते.’’

‘‘माणसं उभी पण होती.’’

‘‘खुर्च्या रिकाम्या ठेवून? सभेत की शिक्षेला?’’ रिक्षावाले खी खी हसले. ‘‘नयन, तुझा सातवीत गुणाकार कच्चा होता. अजून तसाच आहे बघ.’’

तो गेला तर देवयानी आली, समितीची अध्यक्षा. तिचं म्हणणं, ‘सभा झाली’ काय, ‘सभा उधळली’ लिहा. बाई म्हणाल्या, ‘‘भाषणं पूर्ण झाली, राष्ट्रगीत झालं, मग लोक उठले. याला उधळणं म्हणत नाहीत गं.’’ देवयानी तणतणत गेली.

दुपारी कोणीतरी फळा पुसला. बाईंनी चार वाजता पुन्हा लिहिला, शब्द न शब्द तोच. मंगळवारी सकाळी बघतात तर फळ्यावर तेल फासलेलं, म्हणजे खडू उमटायलाच नको. बाईंनी पदर खोचला, घरून सोडा आणि काथ्या आणला आणि भर रस्त्यात फळा घासायला बसल्या. एकाहत्तर वर्षांची बाई! शेवटी चहावाल्याने गरम पाण्याची बादली आणून ठेवली. दहा वाजता फळा वाळला आणि बाईंनी तिसऱ्यांदा तेच लिहिलं. नाक्यावर टाळ्या पडल्या. बाई वरून जरा मोठ्यानेच म्हणाल्या, ‘‘पुसा, किती पुसायचं ते पुसा. खडूची पेटी भरलेली आहे.’’ आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी दारात रुचिता उभी, मंडपवाल्या प्रशांतची बायको. चेहरा उतरलेला.

‘‘बाई, ह्यांना चौकीत नेलंय. बाटली ह्यांनी फेकली म्हणतात.’’

‘‘प्रशांतने? कोण म्हणतं?’’

‘‘नयनशेठची चार माणसं. हे गेटजवळ खुर्च्या रचत होते ना. खुर्च्यांचा आकडा तुम्हाला दिला, त्याचा राग काढतायत बाई. मी समितीकडे गेले, म्हटलं तुम्ही तरी सांगा. तर ते खूश! म्हणतात, बाटली सभेच्याच माणसाने फेकली हे आमच्या फायद्याचं आहे.’’

रुचिताने डोळे पुसले आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं.

‘‘बाई, तुम्ही तिथे होतात. रांगा मोजल्यात, टाके मोजलेत. बाटली कोणी फेकली तेवढंच का नाही लिहिलंत?’’

बाईंनी पाहिलं होतं. टाकीच्या पायरीवरून त्यांना गेटपाशी एक हात वर झालेला दिसला होता, निळ्या चौकटीच्या शर्टाचा. तो शर्ट सकाळी त्यांनीच इस्त्री केलेला. रविवारी साकेत घरी आला, पानावर बसला आणि सहज विचारलं, ‘‘काकू, तू कुठे होतीस?’’ ‘‘टाकीच्या पायरीवर,’’ त्या म्हणाल्या. त्याचा घास हातातच राहिला. पुढे दोघंही बोलले नाहीत. तीन वेळा फळा लिहिला, नयनला नडल्या, देवयानीला नडल्या, तेल घासून काढलं, आणि तीनही वेळा त्या एका ओळीशी खडू गुपचूप पुढे सरकवला. कसला फळा आणि कसल्या टाळ्या! बाईंना स्वतःची लाज वाटली.

‘‘तू घरी जा,’’ त्या रुचिताला म्हणाल्या. ‘‘उद्या सकाळी सातला फळ्यापाशी ये.’’

साकेत कामावरून आला तसा बाईंनी चहासुद्धा न देता विषय काढला.

‘‘उद्या मी तुझं नाव लिहिणार आहे.’’

साकेत मटकन खुर्चीत बसला. ‘‘काकू, मी कोणाला मारायला नाही गं फेकली. सभा संपल्यावरही स्टेजवरून आम्हाला भाडोत्री म्हणाले, डोकंच फिरलं. ती पोलीस मध्ये आली.’’

‘‘मला माहीत आहे.’’

‘‘माझ्यावर केस होईल. नोकरी जाईल. मैदान पण जाईल, काकू! सगळे म्हणतील, बघा, हे गुंड.’’

‘‘आणि प्रशांत?’’

‘‘त्याला दोन दिवसांत सोडतील. देवयानीताई म्हणाल्या.’’

‘‘देवयानी काय न्यायाधीश आहे?’’ बाईंचा आवाज चढला. ‘‘मैदान मलाही हवंय रे. पहिली सही माझी आहे. पण दुसऱ्याच्या नवऱ्याला कोठडीत बसवून मिळणारं मैदान मला नको. तुझ्या काकांनी हा फळा काय आपल्या माणसांना वगळून बातम्या द्यायला ठोकला होता?’’

साकेत उठला आणि न जेवता आतल्या खोलीत गेला. बाईही जेवल्या नाहीत. पोटच्या पोरासारखा वाढवलेला मुलगा, त्याचं नाव चौकात लिहायचं म्हणजे काय गंमत आहे? रडू येत होतं, ते त्यांनी येऊ दिलं.

बुधवारी सातला बाई स्टुलावर चढल्या. सगळी बातमी पुन्हा लिहिली, आणि या वेळी ती ओळ अशी:

‘६.२० वा. विरोधकांच्या बाजूने भरलेली बाटली फेकली गेली. ती साकेत गुप्ते याने फेकली. तो लिहिणारीचा पुतण्या. लिहिणारीने हे पाहिले होते आणि तीन वेळा लिहिले नाही. चूक लिहिणारीची. पकडलेले प्रशांत निर्दोष आहेत.’

रुचिताने दोनदा वाचलं आणि हात जोडले. अर्ध्या तासात ही वार्ता सगळीकडे पोचली. नयनशेठची पोरं आली, ती आधी खूश झाली, मग ‘निर्दोष’ वाचून त्यांची तोंडं पडली. ‘‘बाई, शेवटची ओळ पुसा, बाकी राहू द्या.’’ पाठोपाठ देवयानी धावत आली. ‘‘बाई, तुम्ही आमचं वाटोळं केलंत! ती बाटलीची ओळ पुसा, बाकी राहू द्या.’’

बाईंनी स्टूल फळ्याला टेकवून ठेवलं आणि त्यावर चक्क मांडी घालून बसल्या.

‘‘पुसायचंय? मला उचला आधी. गुडघे दुखतात माझे, जपून उचला.’’

कोणी पुढे झालं नाही. रिक्षावाल्यांनी रिक्षा बंद करून भोवती कडं केलं. देवयानी आणि नयनची पोरं, आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला उभी राहून बाईंकडे रागाने बघत होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि साकेत आला. ऑफिसची बॅग नव्हती खांद्यावर. अंगात तोच निळ्या चौकटीचा शर्ट, चुरगळलेला. तो फळ्यासमोर उभा राहिला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत गेला. बाईंनी मांडीवरचं ओलं फडकं उचलून त्याच्यापुढे धरलं.

‘‘तुझं नाव आहे, तुला पुसायचं तर पूस. मी अडवणार नाही. तू गेलास की परत लिहीन.’’

साकेतने फडकं घेतलं. देवयानी म्हणाली, ‘‘शाब्बास साकेत!’’ तो फडक्याकडे बघत राहिला.

‘‘काकू, वेळ चुकलीये,’’ तो म्हणाला. ‘‘सहा वीसला नाही. राष्ट्रगीत सहा वीसला संपलं. मी त्याच्यानंतर फेकली. सहा पंचवीस.’’

बाईंचे डोळे भरून आले. पण चुकीची वेळ फळ्यावर ठेवणाऱ्यातल्या त्या नव्हेत. त्या स्टुलावरून उतरल्या आणि खडू त्याच्या हातात दिला.

‘‘मग दुरुस्त कर. आणि खाली सही कर.’’

साकेतने फडक्याच्या टोकाने ‘२०’ पुसलं, ‘२५’ लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. मग हात झटकून म्हणाला, ‘‘चल, येतेस ना चौकीत?’’

‘‘येते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘रुचिता, तूही चल. प्रशांतला घेऊन परत यायचंय.’’