न गेलेली होडी

माझी पहिली नोकरी थळच्या किनाऱ्यावर मासे मोजण्याची. वडिलांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत माझं मन रमत नव्हतं, गणिताची पदवी हातात होती आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला तेव्हा सगळंच मोजून हवं होतं. गावातल्या होड्यांतून चिठ्ठ्या टाकून दहा निवडल्या होत्या. त्या दहांनी रोज किती मासळी आणली ते मी वहीत उतरवायचं. घरचे म्हणत, एवढं शिकून हा बोंबील मोजतोय. ते मला फार लागायचं, म्हणून मी वही अगदी नियमाबरहुकूम भरायचो.

दहांतली एक होडी गावातल्या जाणत्या तांडेलाची होती. होडी हाकारणारा तो, पण वजन मला त्याची बायको सांगायची, वाळूत बसून मासळी निवडता निवडता. ऐन हंगामात तिचा सासरा वारला. सुतकात होडी समुद्रात घालत नाहीत, त्यामुळे बारा दिवस ती किनाऱ्यावरच होती. होडी किनाऱ्यावर असेल तर शून्य लिहावे, असं आमच्या नियमपुस्तकात छापलेलं. मी बारा शून्यं लिहिली.

तेराव्या दिवशी तांडेलाची बायको आली आणि वहीत डोकावली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण शून्य कळत होतं.

“होरी गेलीच नाय रं बाला,” ती म्हणाली. “न गेलेल्या होरीला मासा गावला नाय, असा कसा लिवतंस?”

तिचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं होतं. तरी मी तिला नियमपुस्तक दाखवलं. त्या वयात छापील ओळीचा फार आधार वाटतो.

त्याच वर्षी मच्छीमार सोसायटीकडे होडीला बसवायचं इंजिन आलं, एकच. अर्ज दोघांचे, त्यातला एक तांडेलाचा, आणि दोन्ही होड्या माझ्या दहांतल्या. ज्याची रोजची सरासरी जास्त त्याला इंजिन, असं पंचांनी ठरवलं आणि माझी वही मागवली. हँडल फिरवायच्या गणनयंत्रावर मी सरासऱ्या काढल्या. बारा शून्यांनी तांडेलाची होडी मागे पडली. तेवढे दिवस गाळले तर तीच पुढे होती. ते मी कागदाच्या पाठीमागे करून पाहिलं होतं, आणि पंचांपुढे तोंड उघडलं नाही. इंजिन दुसऱ्याला गेलं.

गावाची एकूण मासळी काढायला ती शून्यं खरीच होती, अशी मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली. तांडेलाची कुवत ठरवायला मात्र तीच शून्यं खोटी होती, आणि ठरवली होती ती कुवतच.

पुढे मुंबईला गेलो. तिथे कार्डांना भोकं पाडून आकडे भरायचे. एकोणीसशे साठच्या दशकात आमच्या कचेरीला इलेक्ट्रॉनिक संगणकावर आठवड्याचे काही तास मिळू लागले. पहिल्याच चाचणीत ध्यानात आलं, की कार्डावरची कोरी जागा ते यंत्र शून्य म्हणून वाचतं. एक सहकारी म्हणाला, काय फरक पडतो? मी इतका भडकलो की कपातला चहा त्याच्या कागदांवर सांडला. मग बसून ‘नोंद नाही’साठी वेगळी खूण ठरवली, आणि ती दिसली की तो दिवस सरासरीत धरू नये असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं. माझ्या हातून नाव घेण्यासारखं जे काही थोडं काम झालं, ते सगळं अशा कोऱ्या जागांवरचं.

त्या दिवाळीला रेवसच्या लाँचने घरी आलो आणि थळला गेलो. तांडेलाची बायको तिथेच वाळूत बसली होती. मागे त्यांची होडी, अजून शिडाचीच. मला लाज वाटत होती, पण सगळं सांगितलं, कागदाच्या पाठीमागचंही. आता यंत्राला हा फरक कळतो, हे सांगताना आवाज जरा चढलाच. मला तिच्याकडून शाबासकी हवी होती.

“त्या यंत्राला शिकवाला किती दीस लागलं?” तिने विचारलं.

एक दुपार, मी म्हणालो.

तिने हातातला बोंबील टोपलीत टाकला.

“तुला त मी तवाच सांगितला होता.”