ऐंशी खुर्च्यांचा हॉल

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका जुन्या थिएटरात मी बावीस वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर आहे. हॉल सातशे खुर्च्यांचा, पण बाराच्या शोला तीस माणसं जमली तरी नशीब. म्हणून मालकाच्या मुलानं ठरवलं, की पहिल्या मजल्यावरचं कँटीन पाडून तिथं ऐंशी खुर्च्यांचा छोटा हॉल काढायचा. मला म्हणाला, "हा चालला तर तुम्ही राहाल. नाहीतर सगळंच पाडून गाळे काढतो."

कँटीन अण्णा चालवायचे. दुधनीचे, साठी उलटलेले, कपाळावर विभूती. माझी मुलगी लहान असताना मॅटिनीला माझ्याबरोबर यायची, तेव्हा तिला भजी खाऊ घालून सांभाळणारे तेच. त्यांना नोटीस मिळाली, मुदत सरली, तरी त्यांनी शेगडी हलवली नाही.

पाडकामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता गडी ब्रेकर मशीन घेऊन आले. अण्णा भिंतीला पाठ लावून बसले होते. त्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकर लागला. कानठळ्या बसत होत्या, प्लास्टरचे पोपडे त्यांच्या डोक्यावर पडत होते.

"पाडा की! माझ्यासकट पाडा! मी हितनं हालत न्हाय."

मालकाच्या मुलानं मशीन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. "उचला त्यांना. तुमचं ऐकतील."

मी त्यांचा दंड धरला. "अण्णा, चला. उगाच तमाशा नको."

"तूबी त्यांचाच की रे," ते म्हणाले आणि हातातला लोखंडी झारा माझ्या कपाळावर हाणला.

डोळ्यांत रक्त उतरलं. आधी काही दिसेना, मग फक्त ते दिसले. मी त्यांना कॉलरला धरून ओढलं आणि जिन्यावरून ढकललं. सहा पायऱ्या घरंगळून ते खाली वळणावर पडले. हात अंगाखाली सापडला, हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. तरी मी थांबलो नाही. खाली उतरून बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. "माझी नोकरी घालवता काय!" असं मी ओरडत होतो, हे मला नंतर गड्यांनी सांगितलं. दोघांनी मला मागं खेचलं, तेव्हाही माझे पाय चालूच होते.

अण्णा ओरडले नाहीत. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. त्यांची लुंगी ओली झाली होती, ती झाकायला मोडका हात उचलायचा प्रयत्न करत होते.

दवाखान्यात पोलीस आला तेव्हा अण्णांनी सांगितलं, "पाय घसरला." मी दाराशी कपाळाला टाके घालून उभा होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

तीन महिन्यांत हॉल उभा राहिला. मऊ खुर्च्या, गार हवा. चालला. माझी नोकरी राहिली.

दिवाळीनंतर मी दुधनीला, अण्णांच्या गावी गेलो. सोबत मोसंबी नेली होती. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. "याक बंदी?" एवढंच कानडीत विचारलं. कशाला आलास? मग माझ्या हातातली पिशवी हिसकून रस्त्यावर भिरकावली. मोसंबी गटारीपर्यंत गेली.

अण्णा आत खाटेवर होते. उजवा हात कोपरात वाकडाच जुळला होता.

"पोलिसाला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुझ्या पोरीचं लगीन ठरलं व्हतं की. पर माफ केलं म्हनून समजू नको. पडल्याव मारलास तू मला. पडलेल्या मान्साला."

मी पायावर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी पाय वर ओढून घेतले.

"जा आता. परत येऊ नको."

मी बाहेर आलो आणि सोलापूरची एसटी धरली. त्यानंतर दुधनीला गेलो नाही.